बसपेक्षा मोठा कुत्रा

आमच्या जिन्यात पुठ्ठेकाकूबद्दल एक बातमी फिरते. ती लहानपणी चित्रकलेत नापास झाली, बाईंनी तिचं चित्र सगळ्या वर्गासमोर टराटरा फाडलं, आणि तेव्हापासून ती शाळा नावाच्या गोष्टीवर सूड उगवते आहे. तळमजल्यावरचे आजोबा ही गोष्ट सांगताना ‘सूड’ या शब्दाआधी असे थांबतात की आधी त्यांची कवळी पुढे येते आणि मग मागून शब्द येतो. मी ते हुबेहूब करते. ऐकायचं असेल तर समोर यावं लागेल.

बातमी खोटी आहे. काकू चित्रकलेत नापास झाली नाही, कारण तिला चित्रकला कुणी शिकवलीच नाही. तिच्या शाळेच्या वेळापत्रकात शुक्रवारी चित्रकलेचा तास असायचा आणि त्या तासाला गणिताचे सर यायचे. “वर्षभर मी रंगपेटी घेऊन जायची,” काकू सांगते, “आणि वर्षभर सतराचा पाढा म्हणून परत यायची. पेटीतला पिवळा तसाच्या तसा राहिला गं. शेवटी माझ्या भावाने खाल्ला.”

सूडबीड काही नाही. सूड घ्यायचा तर माणसाला एका जागी बसून डाव आखावा लागतो. काकूला बसताच येत नाही.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. चहाला खाली येते आणि चहा उभ्याने पिते. आई म्हणते, “वहिनी, बसा हो जरा.” काकू म्हणते, “बसलेच आहे,” आणि खिडकीची कडी घट्ट आहे का ते बघायला जाते. मग पडदा सारखा करते, मग वर्तमानपत्राची घडी उलटी घालते, आणि हे सगळं चालू असताना तिची जीभही थांबत नाही. हातात कागद आला की तो कागद राहत नाही. बसच्या तिकिटाचा जिना होतो. आईने दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर ठेवली होती, तिचा बगळा झाला. आई भेटीची वेळ बगळ्याच्या पोटात शोधत बसली.

दिवसा काकू खोक्यांच्या कारखान्यात असते. बुटांची खोकी, केकची खोकी, औषधांची खोकी. पुठ्ठ्यावर घडीची रेघ पाडायची, हे तिचं काम. रेघ खोल गेली तर पुठ्ठा फाटतो, उथळ राहिली तर वाकत नाही. आणि संध्याकाळी ती परत पुठ्ठाच कापते, कारण संध्याकाळी जिना चढून पालक येतात.

पिशवी ओढणीने झाकून कुणी वर चाललेलं दिसलं की समजायचं, शाळेत प्रोजेक्ट द्यायचं आहे. सगळ्यांचं पहिलं वाक्य तेच. “वहिनी, तो स्वतःच करणार होता हो, पण त्याला सर्दी झालीय.” आमच्या भागातली मुलं प्रोजेक्ट आलं की शिंकायला लागतात. काकू पिशवीत डोकावते आणि म्हणते, “वय?” बस्स, एवढंच. मुलाचं वय. कारण काकूची खरी करामत सुंदर काही बनवण्यात नाही. सुंदर कुणीही बनवेल. काकू आठ वर्षांच्या मुलाने बनवल्यासारखं बनवते.

त्यासाठी ती कात्री डाव्या हातात घेते. “माझा उजवा हात कारखान्यात नोकरीला आहे,” ती म्हणते. “डावा अजून तिसरीत शिकतो.” घराला खिडक्या कापायच्या असतील तर पहिली नीट, दुसरी तिरकी, तिसरी अर्धी, आणि चौथी काढायची राहूनच गेलेली. “मूल कंटाळतं ना मध्येच.” आकाश वरच्या कडेला एक पट्टी रंगवायचं आणि मग तहान लागल्यासारखं सोडून द्यायचं. गोंदाचा गोळा बाहेर आलाच पाहिजे, आणि त्यावर करंगळीचा ठसा, कारण मोठ्या माणसाची करंगळी म्हणजे लहान मुलाचा अंगठा. मी माणसांचे आवाज काढते, तर ही बाई मुलांचे हात काढते. त्यामुळे आमचं जमतं. ती मला पोपट म्हणते.

आणि प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक कुत्रा असतो. एक कान उभा, एक पडलेला, पाय पाच कारण शेपटीही खाली टेकलेली. घर असो, बाग असो, आगगाडी असो, कुत्रा असतोच, आणि तो आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा मोठा असतो. मी एकदा विचारलं, “काकू, हा बसपेक्षा मोठा कसा गं?”

“मुलं आवडती गोष्ट मोठीच काढतात. इतकंही कळत नाही?”

“मुलं, की तू?”

“जा गं, पोपटे. आधी तो गोंद दे इकडे.”

काकूला एकच मुलगी. वय आठ. तिला आम्ही खोडरबर म्हणतो, कारण ती एक रेघ काढते आणि दोनदा खोडते. कागद विरेपर्यंत खोडते. आईचं सगळं बोलणं आईकडेच राहिलं, पोरीच्या वाट्याला अक्षरही आलं नाही. ती जमिनीवर पोटावर पडून स्वतःचं काम करते, आणि काकू फिरता फिरता जवळ आली की मान वर न करता म्हणते, “आई, हात लावू नकोस.” म्हणजे गावभरच्या पोरांची प्रोजेक्टं काकूने केली आणि स्वतःच्या पोरीचं एकही नाही. तत्त्व वगैरे नव्हे. पोरीने करू दिलं नाही.

यंदा शाळेत चित्रकलेच्या नव्या बाई आल्या. खऱ्याखुऱ्या चित्रकलेच्या, गणिताच्या नव्हेत. त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी खालून रेघ मारल्यासारखं थांबतात. “मला. मुलाचा हात. दिसला पाहिजे.” त्यांनी तिसरीला प्रोजेक्ट दिलं, ‘माझा रस्ता’. पुठ्ठ्यावर आपला रस्ता उभा करायचा. चांगले रस्ते शनिवारच्या प्रदर्शनात लांब टेबलावर लागणार आणि वर्षभर दारातल्या काचेच्या कपाटात राहणार.

तिसरीत सर्दीची साथ आली.

आमच्या घरातही आली. माझा धाकटा भाऊ, ज्याला सगळे गोळा म्हणतात, त्याच वर्गात आहे. आईने पिशवी ओढणीने झाकली आणि वर गेली. काकूने त्या आठवड्यात किती रस्ते केले ते तिलाही सांगता येणार नाही. घरात चालायला खरा रस्ता उरला नव्हता. आणि त्या सगळ्या वाकड्यातिकड्या पुठ्ठ्यांच्या मधोमध खोडरबर पोटावर पडून आपला रस्ता करत होती. मापाने आखलेला. सगळ्या खिडक्या सरळ, दुकानाचं शटर पन्हळी पुठ्ठ्याचं, जिन्याला कठडा. जन्मल्यापासून आईला कारखान्यातल्यासारखी घडी पाडताना बघितलेली पोर ती, तिला वाकडं कापताच येत नाही.

“कुत्रा नाही काढलास?” मी विचारलं.

“आपल्या रस्त्यावर कुत्रा नाहीये,” ती म्हणाली, आणि एक दार खोडलं.

सोमवारी सगळ्यांनी रस्ते दिले. सोमवारीच खोडरबर घरी आली ती दप्तर न काढता दाराशी उभी राहिली. मी तेव्हा तिथेच होते. काकूला फेऱ्या मारता मारता दोनदा तिला ओलांडून जावं लागलं, मग तिच्या लक्षात आलं.

“काय झालं गं?”

“माझा रस्ता कपाटावर ठेवला.”

“कुठल्या कपाटावर? काचेच्या?”

“नाही. वर. जिथे तुटके ब्रश ठेवतात.”

हळूहळू, एकेक शब्द ओढून, बाहेर आलं ते असं. बाईंनी गोळ्याचा रस्ता हातात उचलून वर्गाला दाखवला. “बघा. इथे मुलाचा हात. दिसतो.” तसेच आणखी पाचसहा दाखवले. मग खोडरबरचा बघितला, “मीच केलाय” हे तिचं पुटपुटणं ऐकलं, आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, “बाळा, आईला सांग, पुढच्या वेळी तुला करू दे हं.”

त्या ‘हं’ने पोर संपली होती. मी नंतर तो ‘हं’ करून बघितला. मला जमला, आणि जमला म्हणून बरं वाटलं नाही.

काकू आधी हसली. मग तिने हातातला पुठ्ठा खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. “म्हणजे माझे सगळे पोरांचे ठरले, आणि पोरीचा माझा ठरला?” ती चपला घालायला लागली. “आत्ता जाते शाळेत. त्या बाईंना सांगते...”

“काय सांगशील?” मी विचारलं.

काकू एक चप्पल घालून उभी राहिली. काय सांगणार? हा एक माझा नाही, बाकीचे माझे आहेत? म्हणजे गोळा आणि त्याचे मित्र वर्गासमोर उघडे पडणार, आणि जिन्यात तिला कुणाला तोंड दाखवता येणार नाही. आणि नाही सांगितलं तर तिची पोर वर्षभर खोटारडी.

“तू बोलू नकोस,” खोडरबर दाराशीच म्हणाली. “तू येऊन बोललीस की बाई म्हणतील, बघा, भांडायलासुद्धा आईच लागते.” मग दप्तर काढलं. “मला तो टेबलावर हवाय. नाहीतर मी शनिवारी जाणार नाही.”

त्या आठवड्यात काकू घरात मावत नव्हती. मंगळवारी आमच्याकडे चहा अर्धा टाकून वर गेली आणि पाच मिनिटांत तो प्यायला परत आली. कारखान्यातून केकच्या खोक्यांचा ढीग परत आला, कारण घडी चुकीच्या बाजूला पडली होती. असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. पिशव्या घेऊन आलेल्या दोन आयांना तिने दारातूनच परत पाठवलं, “मलाच सर्दी झालीय.” संध्याकाळपासून रात्रभर वरून पावलं ऐकू यायची. खिडकीकडून मोरीकडे, मोरीकडून दाराकडे. आई छताकडे बघून म्हणायची, “आज वहिनी कुठे निघाल्यात?”

शुक्रवारी संध्याकाळी ती मला जिन्यात भेटली. कठड्यावरची धूळ ओढणीने पुसत होती. कठडा आमचा नाही, तिचाही नाही.

“उद्या जाणार आहे मी,” ती म्हणाली.

“आणि बोलणार?”

“पोर नको म्हणाली ना? एक शब्द बोलणार नाही. आणि रस्ता टेबलावर ठेवूनच परत येणार.”

मी इतकी हसले की तळमजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून बघितलं. “काकू, तू? गप्प? अगं, तू झोपेत शेजारणीशी बोलतेस! काका सांगतात.”

“लाव पैज.”

“लावली! तू हरलीस तर आमच्याकडे येऊन खुर्चीत बसायचं. हात बांधून. आईचा मावशीशी फोन संपेपर्यंत.”

काकूच्या तोंडचं पाणी पळालं. आईचा मावशीशी फोन म्हणजे स्वयंपाक करपून, गार होऊन, परत गरम होतो. पण ती हटली नाही. “आणि तू हरलीस तर वर्षभर माझा आवाज काढायचा नाही. कुणासमोर नाही. आरशासमोरसुद्धा नाही.”

“चालेल,” मी म्हणाले. काय जातंय माझं?

शनिवारी शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मधे लांब टेबल, त्यावर रस्तेच रस्ते, प्रत्येकापुढे नावाची चिठ्ठी. एका कोपऱ्यात बाईंनी बुटकं टेबल आणि बुटक्या खुर्च्या ठेवल्या होत्या. पुठ्ठ्याचे तुकडे, कात्र्या, गोंद. मुलांना वाटलं तर बसावं आणि काहीतरी करावं. तिथे कुणीही नव्हतं.

काकू आली. ओठ असे मिटलेले की जणू टाके घातलेत. मागे खोडरबर, जिला कसंबसं आणलं होतं. लोक विचारायला लागले, “काय वहिनी, आज गप्प?” काकूने मान हलवली. घशाकडे बोट दाखवलं. हुशार!

मी माझं काम सुरू केलं. गोळ्याच्या रस्त्यापाशी गेले आणि मोठ्याने म्हणाले, “काकू, हा दिव्याचा खांब बघ गं, किती वाकडा केलाय! मला वाटतं, हे काही नीट जमलेलं नाही.” काकूचे कान लाल झाले. “आणि ह्या खिडक्या तर एखाद्या सहा वर्षांच्या मुलाच्या वाटतात, नाही?” काकूने स्वतःच्या पदराचं टोक इतकं पिळलं की त्याची दोरी झाली. पण शब्द नाही.

खोडरबर मात्र टेबलाकडे आलीच नाही. ती भिंतीजवळच्या, तुटक्या ब्रशांच्या त्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली आणि मान वर करून बघत राहिली. खालून तिला जिन्याच्या कठड्याचं फक्त टोक दिसत असणार.

काकूने ते बघितलं. तिने आधीच काही ठरवलं होतं की हातांनीच परस्पर ठरवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. ती सरळ त्या बुटक्या टेबलाशी गेली आणि बुटक्या खुर्चीत बसली. गुडघे हनुवटीला लागले. बसली! मी आईला कोपर मारलं, “आई, काकू बसली बघ.” मग काकूने कात्री उचलली. डाव्या हातात.

पहिली खिडकी नीट. दुसरी तिरकी. तिसरी अर्धी. एकदा तिच्या तोंडातून ‘च्’ असा आवाज आला. चौथी राहूनच गेली. दाराशी गोंदाचा गोळा, त्यावर करंगळी. दोनचार मुलं भोवती जमली, मग त्यांचे पालक, मग गर्दी बघून बाई हसत हसत आल्या. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी चुणचुणीत मूल बसलंय. मुलाऐवजी त्यांना पुठ्ठ्याच्या कारखान्यातली पूर्ण वाढलेली बाई दिसली, जी जीभ बाहेर काढून कुत्रा कापत होती. एक कान उभा, एक पडलेला. पाय पाच.

काकू उठली. घर आणि कुत्रा घेऊन लांब टेबलाशी गेली आणि दोन्ही गोळ्याच्या रस्त्याशेजारी ठेवून दिलं. मग दोन पावलं मागे सरकली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

बाईंनी नव्या कुत्र्याकडे बघितलं. मग गोळ्याच्या रस्त्यावरच्या कुत्र्याकडे. मग पुढच्या रस्त्यावरच्या. त्याच्या पुढच्या. टेबलाच्या कडेने त्या चालत गेल्या आणि त्यांच्याबरोबर सगळं सभागृह माना फिरवत गेलं. कुत्रा, कुत्रा, कुत्रा. कुणी बसच्या शेजारी, कुणी दवाखान्याच्या छपरावर, सगळे एकाच आईची पिल्लं. कुणी हसलं नाही. पालक अचानक वर बघायला लागले. माझी आई पंख्याचा इतका अभ्यास करत होती की वाटावं, आज तोच विकत घेणार.

बाई कपाटापाशी गेल्या. टाचा उंचावून त्यांनी खोडरबरचा रस्ता खाली काढला, वरची धूळ फुंकली.

“हे तू केलंस?”

“सोमवारीच सांगितलं होतं.”

“एवढ्या सरळ खिडक्या? कशा?”

“खोडून,” खोडरबर म्हणाली, आणि रस्ता उलटा केला. पुठ्ठ्याची खालची बाजू खोडून खोडून इतकी विरली होती की दोन ठिकाणी आरपार बोट जात होतं. बाईंनी खरंच बोट घालून बघितलं.

मग त्यांनी तो रस्ता टेबलाच्या मधोमध ठेवला. त्यासाठी गोळ्याचा थोडा सरकवावा लागला. बाकीच्या रस्त्यांपुढच्या नावाच्या चिठ्ठ्या त्यांनी शांतपणे गोळा केल्या आणि खिशात टाकल्या. मग टाळी वाजवली. “तिसरीची सगळी मुलं. त्या छोट्या टेबलाशी. आत्ता.”

मुलं गेली. गोळ्याने बस केली, तिची चाकं चौकोनी होती, आणि त्यात चालकाला शिरायला दार नव्हतं. तो इतका खूश झाला की घरी यायला तयार नव्हता. शिंकला मात्र एकदाही नाही.

आईने मात्र जिन्यातच तोंड फिरवलं. “वहिनी, आम्हाला तोंडघशी पाडलंत हो.”

“मी?” शाळेचं फाटक ओलांडल्यापासून काकूचं धरण फुटलेलं होतं, ती सलग बोलत होती. “मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही! विचारा तुमच्या पोपटाला!”

आणि इथेच मी हात वर केला. कारण मी कानाची पक्की आहे. “थांब, थांब. तू ‘च्’ म्हणालीस. तिसऱ्या खिडकीनंतर. मी ऐकलं.”

“च् हा काय शब्द आहे?”

“तोंडातून आला ना? मुद्दाम आला ना? मग शब्द.”

आईलाही एकदम न्यायात रस आला. “आला होता खरा,” ती म्हणाली, फुगलेली असूनही. कदाचित फुगलेली होती म्हणूनच. काकूने पहिल्या पायरीवर एक पाय, दुसऱ्या पायरीवर दुसरा, असं वरखाली सुरू केलं. खुर्ची आणि मावशीचा फोन तिला स्पष्ट दिसत होते.

शेवटी सगळ्यांनी खोडरबरकडे बघितलं. सभागृहात ती कपाटापाशी, काकूच्या सगळ्यात जवळ, उभी होती. नेहमीसारखं तिने मनातल्या मनात काहीतरी लिहून दोनदा खोडलं असणार.

“तो शब्द नाही,” ती म्हणाली. “पुठ्ठा जाड असला की आईचे हात तसा आवाज करतात.”

“हात नाही, तोंड,” मी म्हणाले.

“तेच ते,” खोडरबर म्हणाली आणि आईचं बोट धरून वर गेली.

पैज हरले. आई दोन आठवडे फुगून होती, मग काकू चहाला आली, उभ्याने प्याली, आणि पडदा सारखा करून गेली, आणि संपलं. पिशव्या झाकून वर जाणं थांबलंय. काकूच्या हातांना आता संध्याकाळी काम नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाचं काहीतरी झालेलं असतं.

मला मात्र वर्षभर तिचा आवाज काढायचा नाही. घशात नुसती खाज सुटते. वर पावलं वाजली की माझ्या तोंडात “बसलेच आहे” तयार होतं आणि गिळावं लागतं. वर्गातल्या मुली मागतात, “ए, काकूचं कर ना,” आणि मी घशाकडे बोट दाखवते.

पण पैज लागली तेव्हा आवाज काढायचा नाही, एवढंच ठरलं होतं. लिहिण्याबद्दल काकू काही बोललीच नाही.